पाव्हण्याचं दावं

आमच्या आण्णांचा या जगात कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं दूध घातलं की ते आधी नाकाशी धरायचे, मग नखावर थेंब घेऊन तो पळतो की थांबतो ते बघायचे, आणि दोन्हीत दूध पास झालं तरी म्हणायचे, "आज बरं हाय. म्हंजे काल कायतरी केलं व्हतं." कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. लग्नाची पत्रिका आली तर ती उलटी करून मागं काही लिहिलंय का ते तपासणारा माणूस. माय म्हणायची, "मला बगायला आलते तवा लोकं व्हते म्हनून, न्हाई तर माझ्या तोंडावर पानी टाकून रंग जातो का बगितला आसता ह्यांनी." आम्ही पोट धरून हसायचो. पण खरं सांगायचं तर वडिलांचा हा गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. आजही रिक्षावाला जरा गोड बोलला की मी पर्स मांडीवरून पोटाशी घेते. लेक म्हणते, आई, तू पोलिसात जायला हवी होतीस. गेले असते तर बरंच झालं असतं, निदान संशयाचा पगार तरी मिळाला असता.

आमची पिठाची गिरणी होती. बीडहून मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव, गावाच्या तोंडाशी गिरणी, आणि गिरणीच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. मधली भिंत एकच. तिकडं मोटर सुरू झाली की इकडं मांडणीवरची ताटं थरथरायची, देवाच्या फोटोची काच वाजायची, आणि चुलीवरच्या आमटीवर बारीक बारीक लाटा उठायच्या. घरातले आम्ही तिघंही ओरडूनच बोलायचो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. केसांवर, भुवयांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पीठ. शाळेत पोरी मला "पिठी" म्हणायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायची. पण त्या घरासारखी भाकरी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. जात्याखालून निघालेलं गरम पीठ माय तसंच परातीत घ्यायची. त्या भाकरीला एक वेगळाच गोडवा असायचा. वर शेंगदाण्याची चटणी, नाही तर नुसता लसणाचा ठेचा आणि तेल. ह्या वयातही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-तेल आठवतं आणि चिडचिड होते.

लाईट कधी यायची याचा नेम नव्हता. गिरणीत दाराच्या वर एक उघडा बल्ब टांगलेला होता, त्याचं बटण कायम चालूच. तो लागला की लाईट आली असं समजायचं आणि आण्णांनी "आली बे!" म्हणून पळत जाऊन मोटरचा खटका वर करायचा. बाहेर डबे, पिशव्या घेऊन बसलेली माणसं एकदम उठायची. बल्ब लागणं आणि मोटर गर्जणं यांच्यामध्ये फार तर दहा आकडे मोजण्याइतका वेळ जायचा. त्या दहा आकड्यांत आमच्या पाव्हण्याचा जीव अर्धा व्हायचा, म्हणून हे सगळं सांगते आहे.

पाव्हणा म्हणजे आमचं कुत्रं. ऊसतोडीचे ट्रॅक्टर कारखान्यांकडं निघतात त्या दिवसांत तो आला. त्या आठवड्यात आमच्या रस्त्याला उसंत नसायची. ट्रॉलीमागून ट्रॉली, वर अख्खे संसार: पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, शेळ्या, पोरं, म्हाताऱ्या आणि कुत्री. एका सकाळी माय उकिरड्यावर शेण टाकायला गेली, तर रस्त्याखालच्या मोरीतून तिला कण्हणं ऐकू आलं. कुणीतरी त्याला ट्रॉलीच्या कडीला तारेनं बांधलं होतं. ते खाली पडलं असणार, फरपटलं असणार, मग तार तुटली असणार. हातभर तुकडा गळ्यात रुतून बसला होता. "कुणाच्या ध्यानात आलं नसंल," माय म्हणाली. "आलं आसंल," आण्णा म्हणाले, आणि घरातून पक्कड आणून दिली. मायनं तार कापली, हळद आणि गोडं तेल लावलं. तोंड पांढरं पडलेलं, पुढचे दात झिजलेले, मागचा एक पाय आखडलेला. "म्हातारं हाय," आण्णा म्हणाले, "चार दिसाचा पाव्हणा." चार दिवसांचे चार महिने झाले आणि नाव तेच राहिलं.

जखम भरली, पण ट्रॅक्टरचा आवाज त्याच्या अंगातून गेला नाही. आणि आमचं घर म्हणजे दिवसभराचा ट्रॅक्टरच. मोटरीच्या आधी तो बल्बला घाबरायला शिकला. बल्ब लागला की अंग आक्रसायचं, लघवी व्हायची, आणि मोटर सुरू होईपर्यंत तो दोन पोत्यांच्या फटीत शिरलेला असायचा. झोपायचा तोसुद्धा पाय पोटाखाली घेऊन, हनुवटी जमिनीला टेकवून, उठण्याच्या बेतात. इतर कुत्री उन्हात कशी अंग सोडून पडतात, तसा आडवा पडलेला मी त्याला कधी पाहिला नाही. मी तेव्हा दहावीला होते. अभ्यास सोडून मी त्याच्या कानांवर हात ठेवून बसायची. त्याची थरथर माझ्या कोपरापर्यंत यायची, आणि रडू यायचं ते मी पोत्यांत तोंड घालून दाबायची.

मग एका बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. गर्दी खच्चून, लाईट सकाळपासून गेलेली. दुपारी बल्ब लागला आणि पाव्हणा माणसांच्या पायांतून पळाला. किराणा दुकानवाल्या बाळूशेठचा पाय त्याच्या आखडलेल्या पायावर पडला आणि त्यानं बाळूशेठच्या पोटरीला दात लावले. झिजलेले दात ते, रक्त नावाला आलं. पण बाळूशेठनं सगळा बाजार डोक्यावर घेतला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दहा दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा. ठेवली. काही झालं नाही. गावात मात्र तोवर ते पिसाळलेलं ठरून गेलं होतं. पंधरा दिवसांनी बाळूशेठ गिरणीच्या दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "आण्णा, पुढल्या बाजारापातुर हे हितं दिसलं, तर मंग त्याच्या भाकरीत काय निघंल ते माज्या नावावर घालू नका."

म्हणजे आमच्या हातात सहा दिवस होते.

त्या सहा दिवसांत आमचं घर आण्णांच्याही वरताण संशयी झालं. दारात पडलेला वड्याचा कागद मी काडीनं उलटवून बघायची. माय त्याला फक्त तिच्या हातानं भरवायची, तेही दार लावून. शेजारची गयाबाई बिचारी शिळी पोळी घेऊन आली, तर माय तिला म्हणाली, "आदी तू खा." तिनं खाल्ली, उरलेली आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि पुढं चार महिने आमच्याशी बोलली नाही. आण्णा म्हणत होते, सोडून यावं कुठंतरी डोंगरात. माय एकदम उसळली. "मी माज्या हातानं तार काडलीय त्याची. आता डोंगरात नेऊन दुसऱ्याच्या तोंडी देऊ व्हय? त्याला घर बगा. गप्प घर. जिथं काय वाजत न्हाई आसं." आण्णा दुसऱ्या दिवसापासून दळणाला येणाऱ्या परगावच्या प्रत्येकाला विचारायला लागले.

परवा नातीनं मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. शहरातलं कुठलंसं म्हातारं कुत्रं, खाली लिहिलेलं, शांत घर हवं आहे. आणि न्यायचं असेल त्यानं भरायला ही लांबलचक प्रश्नावली: घरात कोण कोण असतं, आधी काय पाळलं होतं, दिवसा कुठं ठेवाल. मी वाचता वाचता हसायला लागले. नात म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, हे सगळे प्रश्न तुझ्या पणजोबांनी गिरणीच्या दारात उभं राहून विचारलेत, आणि त्यांचा आवाज ह्याहून मोठा होता.

पहिला आला तो शेळ्यावाला. डोंगराच्या बाजूला शेळ्या कोंडायचा त्याचा वाडगा होता. त्यानं पाव्हण्याकडं धड बघितलंही नाही, हातातली साखळी खुळखुळवत उभा राहिला. "म्हातारं हाय," आण्णा म्हणाले, "दात न्हाईत, पाय आधू हाय. तुला कावून पायजे?" "राखणीला." "दात नसलेलं राखणीला?" तो जरा चुळबुळला. आण्णांनी सोडला नाही. शेवटी म्हणाला, "बिबट्या येतोय वो रोज. वाडग्याच्या भायेर कुत्रं बांदलं तर तेवढी शेळी तर वाचंल." मायनं आतून ते ऐकलं आणि हातातलं उलथनं घेऊन बाहेर आली. साखळी तशीच खुळखुळत रस्त्याला लागली. दुसरी आली बीडची एक लांबची मावशी. तिला बंगल्यापुढं बसायला कुत्रं हवं होतं. तिनं पाव्हण्याचं पांढरं तोंड निरखलं आणि विचारलं, "ह्याला मेंदी लावली तर चालंल का गं?" ती गेल्यावर त्या सहा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही हसलो.

तिसरा माणूस आला तेव्हा बाजाराला दोन दिवस राहिले होते. साठी कधीच ओलांडलेली, अंगात खादीची बंडी, डोक्याला मळका पटका, खांद्यावर ज्वारीचं गाठोडं. नाव कोंडिबा. जन्मभर मेंढरांमागं फिरून आता कपिलधारच्या फाट्यापुढं, डोंगराच्या कुशीत एकटाच राहत होता. आण्णांच्या मनात लगेच पाल चुकचुकली, कारण त्याच्या वस्तीच्या शेजारच्या गावातच गिरणी होती. "तीन कोस चालत हितं कावून आला?" त्यांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "कुत्रं द्यायचं हाय म्हनं." आणि पाव्हणा बांधला होता तिथून दहा हातांवर, त्याच्याकडं पाठ करून बसला. हात लावला नाही, चुचकारलं नाही. दळण झालं तरी उठला नाही. पाव्हण्यानं लांबूनच मान ताणून त्याच्या बंडीचा वास घेतला.

"दावं आनलं का?" आण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग नेणार कसं?"

"मी कशाला नेतो? आलं तर येईल."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं शेतकऱ्यांच्या घरांत जनावर देताना दावं देत नाहीत. बैल द्या, म्हैस द्या, गळ्यातलं दावं काढून आपल्या खुंटीला राहतं, नाही तर त्याच्याबरोबर घरचं बरंही जातं म्हणतात. म्हणून नेणारा माणूस आपलं दावं आपण घेऊन येतो. त्याच्या हातातल्या दाव्यावरून कळतं की तो जनावर ठेवायला आलाय. आणि इथं हा मोकळ्या हातानं बसलेला. म्हातारा आत पीठ आणायला गेला तसे आण्णा माझ्या कानाशी येऊन पुटपुटले. पुटपुटले म्हणजे ओरडलेच. "दावं न्हाई म्हंजे ठिवायचंच न्हाई. वाटंतच कुटंतरी इल्हेवाट. कुटंतरी पानी मुरतंय, सुमे." मलाही ते शंभर टक्के पटलं. पण माय म्हणाली, "घर तर बगून या. दोन दिस राह्यलेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाव्हण्याला घेऊन निघालो. गाडीत तो बसला नसता, म्हणून चालत. त्याच्या गळ्याच्या जखमेला टोचू नये म्हणून मायनं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या वळून त्याला दावं केलं होतं, काठाचा लाल रंग मधे मधे दिसणारं. पाव्हणा तीन पायांवर लंगडत, मधे थांबत, आमच्याबरोबर येत होता. ट्रक गेला की रस्त्याकडेच्या बाभळीत घुसायचा. आण्णा थांबायचे. "चल बे म्हाताऱ्या," म्हणायचे, पण दावं ओढायचे नाहीत. वाटेत त्यांनी मला बजावलं, "तितं पानी बी प्यायचं न्हाई."

फाट्यापासून खाली उतरलो तसा रस्त्याचा आवाज हळूहळू मागं पडला. एक कडुनिंब, त्याच्याखाली पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं तुरीचं वावर. इतकं गप्प ठिकाण मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला. आणि मग आण्णांनी माझा दंड असा चिमटला की काळा-निळा झाला. "बग," ते म्हणाले. घराच्या मागं, बांधाच्या उंचवट्यावर, एका ओळीत दगडांचे चार ढीग होते. लांबट. प्रत्येकावर एक चुना लावलेला पांढरा दगड. अंगणात खुंटा नाही, भिंतीला एक दावं नाही, साखळी नाही. आणि चार ढीग.

मी पंधरा वर्षांची होते, डोकं गरम होतं आणि भीती वाटली की मला राग येतो. तो अजूनही तसाच येतो. मी मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तितं काय पुरलंय?"

"कुत्री," म्हातारा म्हणाला.

"चार?"

"चार."

"कशानं मेली?"

तो म्हणाला, "म्हातारी व्हती. म्हातारपनानं." आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. आण्णांनी मान हलवली. दारात येऊन पाणी नाकारायचं, म्हणजे तोंडावर मारल्यासारखं. म्हाताऱ्याला ते कळलं. त्यानं तांब्या वर धरून आधी आपण दोन घोट घेतले आणि तो आमच्या मधे ठेवला. तरी आम्ही प्यायलो नाही. ऊन कडक होतं आणि माझा घसा सुकला होता. आज त्या तांब्याची आठवण झाली की मला माझीच लाज वाटते.

मग आण्णांची उलटतपासणी सुरू झाली. म्हातारीच का? पिलू का नको? दावं का नाही? म्हातारा सावकाश एकेका प्रश्नाला उत्तर देत होता, जणू मेंढरं मोजतोय. "पिलू आनलं तर माज्यामागं त्याला कोन? म्हनून म्हातारं बगतो. त्यानं आन म्या, दोगांनी बराबर निगायला पायजे." दाव्याचं विचारल्यावर तो पहिल्यांदाच जरा चिडला. "आमच्यात कुत्र्याला दावं घालत न्हाईत. दावं घातलं की ते दाव्यामागं येतं, मानसामागं न्हाई. ह्या चौघींतल्या एकीला बी म्या दावं लावलं न्हाई. ती कडंची रानी. नऊ वर्सं मेंढरामागं व्हती दुसऱ्याच्या, त्यानं सोडली, मंग माज्याकडं आलती." आण्णा माझ्या बाजूला तोंड करून म्हणाले, "बोलायला काय जातंय." आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "आमी संध्याकाळपातुर बसतो हितंच." "बसा की," तो म्हणाला.

बसलो. आण्णांनी दावं हातातून सोडलं. पाव्हणा ते ओढतच अंगणभर फिरला, चारही ढिगांचा वास घेतला आणि शेवटच्या ढिगावर आखडलेला पाय कसाबसा उचलला. मी शरमेनं मेले. म्हातारा मात्र खदखदा हसला. "ऱ्हाऊ द्या, रानीला चालतंय." मग आतून भाकरीचा चतकोर आणून त्यानं पाव्हण्यापुढं ठेवला आणि पुन्हा पाठ करून बसला. मी ती भाकरी हिसकावून घेणार होते. पण पाव्हण्यानं माझ्या आधी ती संपवली.

उन्हं कलली. आण्णा तुरीच्या कडेनं फिरायला गेले, काय पिकतं ते बघायला, म्हणजे तिथंही काही सापडतं का ते बघायला. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पाव्हणा निंबाच्या सावलीत आडवा पडला होता. चारी पाय सरळ बाहेर टाकलेले, मान मागं गेलेली, तोंड किंचित उघडं, जिभेचं टोक मातीत. असा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मला फक्त भाकरी आठवली. मी किंचाळले, "आण्णा, मारला! मारला ह्यानं त्याला!"

आण्णा तुरीतून धावत आले. त्यांनी सरळ म्हाताऱ्याच्या बंडीला गळ्यापाशी धरून त्याला भिंतीवर दाबलं. "भाकरीत काय घातलं? बोल!" म्हाताऱ्यानं हात वर केले नाहीत, सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तो आमच्याकडं बघतच नव्हता. आमच्या मागं बघत होता. मी वळले. पाव्हण्यानं मान उचलली होती. कुठं एवढा दंगा चाललाय म्हणून त्यानं आमच्याकडं एकदा त्रासून बघितलं, शेपटी जमिनीवर एकदा आपटली, आणि डोकं परत मातीत टाकून एक मोठा उसासा सोडला. मग घोरायला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो झोपला होता. झोपतो म्हणजे कसा, हे मलाच माहीत नव्हतं.

आण्णांची मूठ सैल व्हायला वेळ लागला. बंडीचं वरचं बटण तुटून खाली पडलं होतं. आण्णांनी खाली वाकून ते शोधलं, फुंकलं, म्हाताऱ्याच्या हातात दिलं, आणि मधे ठेवलेला तांब्या उचलून गटागटा पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "तू बी पी."

निघताना त्यांनी पाव्हण्याच्या गळ्यातलं दावं काढलं. तो जागा झाला नाही. दावं घेऊन ते घुटमळले. आमच्या रीतीप्रमाणं ते घरी न्यायचं, हे बरोबरच होतं, पण त्यांना ते न्यायची लाज वाटत होती असं मला वाटलं. म्हातारा म्हणाला, "न्या. घरी खुंटीला ठिवा. म्या आदी गेलो तर त्याला न्यायला या. मला दुसरं कोन न्हाई सांगायला." आण्णांनी मान डोलावली. गावाच्या वेशीत आल्यावर म्हणाले, "सुमे, बटनाचं मायला सांगू नको." मी त्याच दिवशी सांगितलं. मायनं कपाळावर हात मारला, आणि आण्णांना आठवडाभर भाकरीबरोबर एवढंच ऐकायला मिळालं: "म्हाताऱ्या मानसाच्या नरड्याला हात घालता, आँ?"

दोन वर्षं ते हिरवं दावं गिरणीच्या दाराशी खुंटीला होतं. कपिलधारला जाणारे लोक दळण टाकून पुढं जात, त्यांना आण्णा सांगायचे, वाटेत बघून या. ते येऊन सांगायचे, बरं हाय. आण्णांचा विश्वास बसायचा नाही. मग लाईट नसेल त्या दिवशी स्वतः पिठाची पिशवी घेऊन जायचे आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचे, चेहरा उजळलेला. "लबाड झालंय," म्हणायचे. "मला वळखीत न्हाई आसं सोंग करतंय."

म्हातारा गेल्याचं आम्हाला दळणाला आलेल्या एका बाईकडून कळलं. जात्यात दाणे होते, मोटर चालू होती. आण्णांनी खटका पाडला, तसंच दावं पिशवीत टाकलं आणि मला हाक मारली. तिथं म्हाताऱ्याचा पुतण्या आला होता, धर्मापुरीकडचा. कुलूप हातात घेऊन घाईत होता. आण्णांनी त्याला पहिलं विचारलं, "कुत्र्याला खायला घातलं का?" तो म्हणाला, घातलं. आण्णा त्याच्या हातांकडं बघत राहिले. पाव्हणा उंबऱ्यात बसला होता. आम्ही मागून आलो, हाक मारली, तरी त्याला कळलं नाही. समोर जाऊन उभे राहिलो तेव्हा त्यानं वर बघितलं. कान पार गेले होते.

आण्णांनी पिशवीत हात घातला. दावं अर्धं बाहेर आलं. मग त्यांनी ते परत आत ढकललं, आणि दहा हातांवर जाऊन पाव्हण्याकडं पाठ करून मातीत बसले. पुतण्या म्हणाला, "मामा, न्या की त्याला, मला कुलूप लावायचंय." आण्णा म्हणाले, "मी कशाला नेतो? आलं तर येईल." दुपार टळली. पुतण्या कंटाळून निंबाखाली झोपला. सावली पत्र्यावरून उतरली तेव्हा पाव्हणा उठला, रिकाम्या खोलीत एकदा डोकावला आणि लंगडत येऊन आण्णांच्या पाठीला डोकं टेकून उभा राहिला. आण्णा रडत होते. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं.

घरी आणल्यावर गिरणीचा आवाज आता त्याला ऐकूच येत नव्हता. पण पहिल्या दिवशी बल्ब लागला तो त्याला दिसला. अंग आक्रसलं, तो पोत्यांकडं निघाला. आण्णा "ऐकू येतंय ह्याला, सोंग हाय," म्हणत त्याच्या कानामागं टाळ्या वाजवून बघत होते. त्याच दिवशी त्यांनी स्टूल घेऊन तो बल्ब काढून टाकला. पुढं लाईट आली की नाही हे बघायला ते दर थोड्या वेळानं उठून खटका वर-खाली करून बघायचे. लोक हसायचे. बाळूशेठनंही आता त्या बहिऱ्या कुत्र्यावरून धमकी दिली नाही; एकदा नुसता हसला, तर त्याचं दळण शेवटी लागलं.

पाव्हणा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगला. गिरणीच्या दारात, जात्याच्या घरघरीत, चारी पाय सरळ टाकून झोपायचा. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशीही तो तसाच पडला होता. मी त्याच्याजवळून तीनदा गेले आणि तीनदा मायला सांगितलं, झोपू दे त्याला.

आण्णांनी त्याला म्हाताऱ्याच्या बांधावर नेलं. आम्ही दोघांनी मिळून दगड रचले आणि वरच्या दगडाला चुना लावला. पुतण्याला आण्णांनी दम दिला, हे पाच ढीग मोडलेस तर बघ. तो म्हणाला, "न्हाई मोडत, मामा." आण्णांचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्यानंतर एसटीनं तिकडून जाताना, फाट्यापुढच्या वळणावर ते खिडकीकडं सरकायचे आणि खाली लांबवर दिसणारे ढीग बोटांनी मोजायचे. आता ते नाहीत. रस्ता चौपदरी झालाय, बस ते वळण क्षणात मागं टाकते. मी आधीच खिडकीपाशी बसून असते. पदराआड माझीही बोटं मोजत असतात. परवाही मोजले. पाचच्या पाच आहेत. पण पुढच्या खेपेला पुन्हा बघणार, त्या पुतण्याचा काय भरवसा.